शेजाऱ्याने चालवलेलं टपाल: लिश्टनस्टाइन आणि स्वित्झर्लंड, १९२१ ते १९९९

१९१२ सालचं एक टपाल तिकीट आहे, दहा हेलरचं, म्हणजे ऑस्ट्रियन पैशातलं. व्हिएन्नाचे चित्रकार कोलोमन मोझर यांनी ते रेखाटलं. त्यावर लिश्टनस्टाइनचे तेव्हाचे प्रिन्स योहान दुसरे यांचा चेहरा आहे. देशाच्या पहिल्यावहिल्या तिकिटांपैकी हे एक. पण त्यावरची अक्षरं वाचली की गंमत कळते. मजकुराचा अर्थ असा: ‘लिश्टनस्टाइन संस्थानातलं बादशाही-राजेशाही ऑस्ट्रियन टपाल’. चेहरा घरचा आणि टपाल शेजाऱ्याचं.

पुढे शेजारी बदलला, व्यवस्था मात्र तशीच राहिली. १९२१ पासून १९९९ पर्यंत स्वित्झर्लंडने या देशाचं टपाल, तार आणि टेलिफोन चालवलं. हा सौदा कसा ठरला, इतकी वर्षं का टिकला आणि कोणाचंही कोणाशी भांडण नसताना का मोडला, ते इथे क्रमाने पाहू. निर्णय घेणाऱ्या मंत्र्यांची आणि अधिकाऱ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. देशाचं नाव गाळण्यात अर्थ नाही. १६० चौरस किलोमीटरचा, ऱ्हाइनच्या काठावरचा, एका अंगाला स्वित्झर्लंड आणि दुसऱ्या अंगाला ऑस्ट्रिया असलेला देश जगात एकच आहे, कोणीही ओळखेल.

पार्श्वभूमी

१८५२ पासून लिश्टनस्टाइन ऑस्ट्रियाच्या जकात संघात होता. चलन ऑस्ट्रियाचं, जकात ऑस्ट्रियाची आणि टपालही ऑस्ट्रियाचंच. ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्शहून स्वित्झर्लंडमधल्या बुख्सला जाणारी रेल्वे १८७२ मध्ये सुरू झाली. ती लिश्टनस्टाइनमधल्या शान गावातून जाते, पण चालवते ऑस्ट्रियाची रेल्वे, आजही. एवढ्याशा देशाने सगळा संसार एकाच मोठ्या घराच्या ओसरीवर मांडला होता म्हणा ना.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते घरच कोसळलं. ऑस्ट्रियाचं हाब्सबुर्ग साम्राज्य संपलं आणि ऑस्ट्रियन क्रोनचा भाव घसरत घसरत कागदाच्या किमतीवर आला. ज्यांची बचत क्रोनमध्ये होती त्यांची ती डोळ्यांदेखत विरघळली. ऑगस्ट १९१९ मध्ये लिश्टनस्टाइनच्या संसदेने जकात करार मोडला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडने परदेशांत लिश्टनस्टाइनचं प्रतिनिधित्व करायचं कबूल केलं. देशाची मान पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत होती. पण मान वळली म्हणून पत्रं पोचत नाहीत, त्यासाठी पोस्टमन लागतो.

पहिला पेच: टपाल कोणी चालवायचं?

१९२० मध्ये काही महिने लिश्टनस्टाइनने स्वतःचं टपाल स्वतः चालवून पाहिलं. पत्रं गावातल्या गावात पोचवणं अवघड नव्हतं. अडायचं ते बाहेर. परदेशी जाणारं प्रत्येक पाकीट कुठल्या ना कुठल्या मोठ्या टपालखात्याच्या थैलीतून जाणार, त्याचा हिशेब ठेवावा लागणार, आणि टेलिफोनची तार हद्दीपलीकडच्या एक्स्चेंजला जोडलेली असणार. शिवाय दर क्रोनमध्ये लावले तर आज ठरवलेली टपालहशील उद्या निम्म्या मोलाची.

त्याच काळात एक चूक झाली. पुढच्या करारावर तिची छाया दिसते, म्हणून ती सांगायलाच हवी. तिकिटांची छपाई आणि विक्री सरकारने एका खासगी गटाकडे सोपवली. जगभरचे संग्राहक छोट्या देशांची तिकिटं आवडीने घेतात, त्यातून पैसा येईल, हा हिशेब चुकीचा नव्हता. पण सरकारने कोंबडीच दुसऱ्याच्या खुराड्यात नेऊन ठेवली. देशात त्यावरून रणकंदन माजलं, पक्षापक्षांत जुंपली आणि १९२१ मध्ये तो व्यवहार गुंडाळावा लागला. टपाल चालवायला दुसऱ्याला दिलं तरी चालेल, तिकीट देऊ नये, हे या ठेचेतून कळलं असावं असं मला वाटतं. करार वाचला की ते जाणवतं.

समोरचे पर्याय

मांडून पाहिलं तर वाटा तीन होत्या.

पहिली, ऑस्ट्रियाशीच पुन्हा बोलणी करायची. माणसं ओळखीची, नियम ओळखीचे, तारा आधीच फेल्डकिर्शकडे गेलेल्या. पण बुडत्या चलनाला गाठ मारून घेणं कोणाला परवडणार?

दुसरी, स्वतःचंच खातं पुढे रेटायचं. यात मान होता. पण त्या वेळी देशाची वस्ती दहा हजारांहूनही कमी, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी गावाएवढी. तेवढ्यांसाठी टपालखातं, तारखातं, टेलिफोनचे तंत्रज्ञ आणि परदेशी हिशेब सांभाळणारे कारकून असा सगळा पसारा उभा करायचा, म्हणजे चार जणांच्या घरात लग्नाची पंगत मांडण्यासारखं.

तिसरी वाट स्वित्झर्लंडची. फ्रँक भक्कम होता, टपाल वक्तशीर होतं आणि ऱ्हाइनवरचा पूल ओलांडला की समोर स्विस पोस्ट. पण एका बाहेरच्या सत्तेची पकड सुटते न सुटते तोच दुसरीच्या हाती दोर द्यायचा का, हा प्रश्न होताच.

तिसरी वाट धरली. निर्णयाइतकंच महत्त्व तो कसा अमलात आणला याला आहे, आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा भाग मला तोच वाटतो.

काय केलं: १९२०चा करार

करारावर १० नोव्हेंबर १९२० रोजी सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी १९२१ पासून तो लागू झाला. स्वित्झर्लंडने टपाल, तार आणि टेलिफोन चालवायचं, पण लिश्टनस्टाइनच्या खात्यावर. म्हणजे उरलेला नफा लिश्टनस्टाइनचा आणि तूट आली तर तीही त्याचीच. नियम स्वित्झर्लंडचे, दर स्वित्झर्लंडचे. तिकिटं मात्र लिश्टनस्टाइनची, आणि ती काढण्याचा हक्क लिश्टनस्टाइन सरकारकडे.

‘त्याच्या खात्यावर’ हा शब्दप्रयोग वरवर कारकुनी वाटतो. पण मक्ता आणि कारभारी यांत जो फरक आहे तो इथे आहे. मक्तेदार ठरावीक रक्कम देतो आणि वरचं स्वतः ठेवतो. कारभारी चोपडी राखतो आणि शिल्लक धन्याला देतो. स्वित्झर्लंड इथे कारभारी होता. ऐंशी वर्षांच्या आतबाहेर हे नातं कुरबुरीशिवाय चाललं, त्याचं मोठं कारण मला तरी हेच दिसतं. नफ्यावरून भांडायला जागाच ठेवलेली नव्हती.

दुसरं बारकाव्याचं कलम तिकिटाचं. राजधानी फाडुट्समध्ये टाकलेल्या पत्राला लिश्टनस्टाइनचं तिकीट लागायचं. तेच पत्र नदीपलीकडे बुख्सच्या पेटीत टाकायचं तर स्विस तिकीट. दोन्हीकडे दर एक, नियम एक, थैली एक आणि पत्रं हाताळणारी यंत्रणाही एकच, फरक कोपऱ्यातल्या त्या चौकोनी कागदापुरता. पण संग्राहकांच्या पेठेत त्या कागदाला भाव होता. पुढची कित्येक दशकं तिकीटविक्रीने या देशाच्या तिजोरीत लक्षणीय भर टाकली. ज्याची तिकिटं जगभरच्या वह्यांत चिकटवली जात होती त्या देशाचं स्वतःचं टपालखातंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. १९२१ची नवी तिकिटं हेलरऐवजी राप्पेनमध्ये निघाली, म्हणजे स्विस पैशात. कायद्याने स्विस फ्रँक देशाचं चलन झाला तो १९२४ मध्ये. जकात करार २९ मार्च १९२३चा आणि तोही १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला. म्हणजे स्वित्झर्लंडशी मोठं नातं जोडण्याआधी जवळजवळ तीन वर्षं लिश्टनस्टाइनचा माणूस पोस्टाच्या खिडकीवर फ्रँकचा हिशेब करत होता. टपाल हा जणू साखरपुडा होता. छोट्या, रोजच्या आणि मोजता येण्याजोग्या कामात एकमेकांना जोखून घेतलं, मग जकातीचा मोठा करार केला. हे ठरवून केलं की ओघात झालं, यावर वाद घालता येईल. क्रम मात्र शहाणपणाचा होता.

मधली वर्षं

इथे फार थांबायचं कारण नाही, कारण व्यवस्था चालली. टपाल वेळेवर आलं, फोन लागले. लिश्टनस्टाइनची गावं स्विस पिनकोडच्या मालिकेत बसली: फाडुट्स ९४९०, शान ९४९४, बाल्त्सर्स ९४९६. नकाशा न बघता नुसते आकडे पाहिले तर हा स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या शेजारचा एखादा तालुका वाटेल. टेलिफोनचंही तसंच. आख्खा देश म्हणजे स्विस जाळ्यातला एक विभाग, क्रमांक ०७५. झ्युरिकहून फाडुट्सला फोन करणं आणि झ्युरिकहून बर्नला करणं यांत डायल करणाऱ्याच्या बोटाला काही फरक पडत नव्हता.

मात्र दोन तारखा टिपून ठेवाव्यात. १९६२ मध्ये लिश्टनस्टाइन जागतिक टपाल संघाचा सदस्य झाला आणि १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा. स्वतःचं एकही एक्स्चेंज न चालवणारा देश एक्स्चेंज चालवणाऱ्यांच्या मंडळात जाऊन बसला! त्या वेळी ही हौस वाटली असेल. पुढे याच खुर्चीचा उपयोग झाला, कारण देशांचे फोन क्रमांक दूरसंचार संघातच वाटले जातात.

९ जानेवारी १९७८ रोजी जुना करार नव्याने लिहिला गेला आणि १९७९च्या आरंभी तो लागू झाला. गाभा तोच: काम स्विस खात्याचं, तिकीट आणि खातं लिश्टनस्टाइनचं. हा टप्पा मी निर्णयाचा टप्पा मानतो, जरी तिथे वेगळा निर्णय काहीच झाला नाही. देश आता गरीब राहिला नव्हता, कारखाने आणि बँका उभ्या होत्या, पैसा होता. स्वतःचे चार-सहा दूरसंचार अभियंते आणि दोन-तीन कायदेतज्ज्ञ या कामासाठी तयार करणं जड नव्हतं. पण चाललेल्या गाड्याला कोण खीळ घालतो? कारभारी चोख असला की धनी चोपडी वाचायचं विसरतो.

दुसरा पेच: करारातला भिडूच नाहीसा होतो

नव्वदच्या दशकात एकाच वेळी तीन गोष्टी सरकल्या.

डिसेंबर १९९२ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे युरोपीय संघाबरोबरच्या सामाईक बाजारात, जायचं का, यावर दोन्ही देशांत सार्वमत झालं. ६ तारखेला स्वित्झर्लंडने अगदी निसटत्या मतांनी नाही म्हटलं. आठवडाभराने, १३ तारखेला, लिश्टनस्टाइनने ५५.८ टक्क्यांनी हो म्हटलं. सत्तर वर्षं एकाच जकात हद्दीत राहिलेल्या दोन शेजाऱ्यांची वाट पहिल्यांदाच फुटली. जकात करारात बदल करून, एप्रिल १९९५ मध्ये पुन्हा कौल घेऊन, १ मे १९९५ रोजी लिश्टनस्टाइन त्या क्षेत्रात गेला.

आत गेल्यावर तिथले नियम आले. दूरसंचारात स्पर्धा खुली करा, आणि सेवा देणारा व नियम लावणारा वेगवेगळा ठेवा. आता गंमत पाहा. लिश्टनस्टाइनमध्ये सेवा देणारा होता स्विस सरकारी खातं. नियम होते स्विस कायद्याचे. आणि स्वित्झर्लंड तर त्या क्षेत्रात नव्हताच. जो देश नियम पाळायला बांधील नाही त्याचा कायदा, नियम पाळायला बांधील असलेल्या देशात लागू! हे फार काळ चालणं शक्य नव्हतं.

तिसरी गोष्ट स्वित्झर्लंडच्या स्वतःच्या घरातली. १ जानेवारी १९९८ रोजी टपाल, टेलिफोन आणि तार सांभाळणारं ते जुनं संयुक्त खातंच मोडलं. टपाल एकीकडे गेलं, टेलिफोनची स्विसकॉम ही कंपनी झाली, आणि तीही खुल्या बाजारात उतरली. ज्या कारभाऱ्याशी करार होता तो कारभारीच उरला नाही. त्याच्या जागी नफा कमावायला निघालेली कंपनी आली. ती दुसऱ्या देशाचा पसारा त्या देशाच्या खात्यावर, फायद्याविना, का सांभाळेल?

इथे दोष कोणाचाच नव्हता. कोणी कराराचा भंग केला नाही, फसवणूक झाली नाही, नात्यात कडवटपणा आला नाही. ज्या जगासाठी करार लिहिला होता ते जग संपलं. असं संपणं करार करताना कोणी कलमात लिहीत नाही.

दुसऱ्या पेचातले पर्याय

सूट मागून जुनंच चालवणं हा एक मार्ग. छोट्या देशांना अशा सवलती कधी कधी मिळतात. पण भिडूच उरला नसेल तर सूट कोणासाठी मागायची?

दुसरा मार्ग, सगळं स्विसकॉम आणि स्विस टपालाला परवान्यावर देऊन टाकायचं. ग्राहकाला काही बदललं असं वाटलंच नसतं. पण तेव्हा जुना करार उलटा झाला असता. कारभाऱ्याचा मक्तेदार झाला असता आणि शिल्लक नदीपलीकडे गेली असती.

तिसरा, सगळंच स्वतः उभारायचं. इथे १९७८ आठवतं. माणसं कुठे होती?

चौथा मार्ग तुकड्यांचा, म्हणजे टपालाला एक न्याय आणि टेलिफोनला दुसरा. शेवटी हाच घेतला, आणि माझ्या मते तो बरोबर होता, कारण ही दोन कामं आता एका जातीची राहिली नव्हती. पत्र वाटायला गावं ओळखणारी माणसं लागतात. टेलिफोनला भांडवल लागतं आणि दर थोड्या वर्षांनी नवी यंत्रं लागतात.

काय केलं: १९९६ ते १९९९

१९९६ मध्ये देशाने स्वतःचा दूरसंचार कायदा केला. परवाने आणि देखरेख यांसाठी स्वतःचं कार्यालय उभं राहिलं. १९९९ मध्ये टपालासाठी सरकारी मालकीची कंपनी निघाली. पोस्टाची खिडकी तीच राहिली, मालक बदलला. टेलिफोनसाठी जाळं सांभाळणारी कंपनी वेगळी आणि सेवा विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या, अशी मांडणी झाली.

सर्वांच्या डोळ्यांत भरलं ते मात्र ५ एप्रिल १९९९. त्या दिवसापासून लिश्टनस्टाइनला स्वतःचा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळाला, +४२३. हा आकडा आला कुठून? चेकोस्लोव्हाकियाचा क्रमांक होता +४२. तो देश फुटला, चेक प्रजासत्ताकाने +४२० घेतला, स्लोव्हाकियाने +४२१, आणि त्या मालिकेतले बाकीचे आकडे मोकळे झाले. एका देशाच्या वाटणीतून उरलेलं दुसऱ्याच्या ओळखीला कामी आलं.

बदल कसा होता ते एका क्रमांकावर दाखवतो. आदल्या दिवशी परदेशातून फाडुट्सचा फोन लावायचा तर +४१, मग ७५, मग सात आकडे. नंतर +४२३ आणि तेच सात आकडे. कागदावर एवढंच. पण नदीपलीकडच्या बुख्समधल्या माणसाला आधी ०७५ लावलं की पुरायचं, आता दोन शून्यं लावून परदेशी फोन करायचा. पुलावरून चालत जाता येतं तिथे. दुकानाची पाटी, बिलाची वही, गाडीवर रंगवलेला क्रमांक, पत्राच्या कागदाचा माथा, सगळं बदलायचं. आणि जे बदलणं आपल्या हातात नाही ते म्हणजे गिऱ्हाइकाच्या वहीतला जुना क्रमांक.

काय निष्पन्न झालं

टपाल फारसं हललं नाही. पिनकोड स्विसच राहिले, आणि पुढे स्विस टपालानेच या नव्या कंपनीत एक चतुर्थांश हिस्सा घेतला. कारभारी गेला आणि भागीदार म्हणून परत आला. तिकिटं अजून निघतात, सुरेख असतात. पण जगभर तिकिटं जमवणारेच कमी होत गेले, त्यामुळे त्या उत्पन्नाचा जुना डामडौल संपला.

टेलिफोनमध्ये घडलं ते मजेशीर, आणि थोडं त्रासदायकही. दार उघडताच तेहतीस हजारांच्या आसपास वस्तीच्या देशात चार मोबाइल कंपन्या उतरल्या. एका दरीत, डोंगराच्या एका उतारावर, चौघांचे मनोरे. स्पर्धा पुस्तकात दिसते तशी दिसली, पण पुस्तकातली स्पर्धा एवढ्याशा बाजारासाठी लिहिलेली नसते. पुढे हळूहळू आवराआवर झाली आणि तारांचं जाळं सरकारी वीज कंपनीच्या हाती गेलं. घरोघर वीज नेणाऱ्याने फायबरही न्यावं, एकदाच रस्ता खणावा, हा विचार एवढ्याशा देशाला साजेसा आहे.

जे दुखणं अजून मिटलेलं नाही ते रोमिंगचं. २०१७ पासून युरोपात फिरताना घरच्याच दराने मोबाइल वापरता येतो, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रामुळे लिश्टनस्टाइनही त्यात आहे. स्वित्झर्लंड नाही. म्हणजे फाडुट्सचा माणूस लिस्बनला जाऊन घरच्यासारखा बोलतो, आणि बुख्सच्या स्टेशनवर उभा राहिला की तिथला दर त्याच्या कंपनीच्या योजनेवर अवलंबून. नदीकाठी राहणाऱ्याच्या फोनला तर कधी कधी घरात बसूनच पलीकडचा मनोरा जवळचा वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

१९२०च्या निर्णयात मला बदलावंसं काही दिसत नाही, तो तिकिटांचा मक्ता सोडला तर. तीही चूक पुढे सुधारली. ठेच लागली ती करार करण्याआधी लागली, हे नशीब.

१९७८मध्ये मात्र संधी होती आणि ती गेली. करार तसाच ठेवूनही त्यात एक कलम घालता आलं असतं: दरवर्षी लिश्टनस्टाइनची ठरावीक माणसं स्विस खात्याच्या बर्नमधल्या मुख्य कचेरीत, दर ठरवणाऱ्या आणि जाळं आखणाऱ्या विभागांत काम करतील. खिडकीमागे बसणारी माणसं लिश्टनस्टाइनकडे होती, चोपडी वाचणारी नव्हती. १९९६ मध्ये कायदा करायची वेळ आली तेव्हा कोऱ्या पाटीवर अक्षरं गिरवावी लागली. जागतिक टपाल संघात आणि दूरसंचार संघात खुर्ची मिळवली होतीच, तिच्यावर बसायला शिकलेला माणूस तयार करायचा राहिला.

१९९२ ते १९९५ हा काळ सर्वांत अवघड. सार्वमताने दिशा ठरली होती, त्यामुळे टपाल-टेलिफोनसाठी सगळं अडवून धरणं शक्य नव्हतं, योग्यही नव्हतं. पण जकात करार बदलताना जी चिकाटी दाखवली, दोन्ही बाजारांचा माल एकाच देशात कसा फिरेल यावर जी बारकाईने बोलणी केली, तीच टेलिफोनबाबत दाखवता आली असती. नदीच्या दोन काठांमधल्या फोनचा दर स्थानिकच राहील, एवढं एक वाक्य दोन सरकारांनी लिहून घेतलं असतं तर? खुल्या बाजारात अशी वाक्यं टिकवणं सोपं नसतं, मान्य. पण बोलणी करण्याची ताकद लिश्टनस्टाइनकडे होती ती जुना कारभारी शाबूत असेपर्यंतच, आणि ती वेळ १९९८च्या १ जानेवारीला संपली.

मोबाइलच्या परवान्यांबाबत मी थोडा कडक आहे. जाळं एक आणि विकणारे अनेक, ही मांडणी तारांना सुचली तर मनोऱ्यांना का नाही? चार जणांना मनोरे उभारू देऊन मग त्यांची पांगापांग पाहण्यापेक्षा, मनोरे एकाचे आणि दुकानं चौघांची असा पहिल्या दिवसापासूनचा नियम एवढ्याशा दरीला पुरला असता. त्या काळी युरोपभर वारं वेगळं होतं हे खरं. जितके परवाने तितकी प्रगती, असा समज होता, आणि नव्याने नियामक झालेल्या छोट्या कार्यालयाने त्या वाऱ्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे अनुभव हवा. तो पुन्हा १९७८कडेच नेतो.

क्रमांक बदलण्याबाबत मात्र मी सरकारच्या बाजूने आहे. अनेकांना तो खर्च वायफळ वाटतो, ‘०७५ ने काय बिघडवलं होतं?’ पण दुसऱ्या देशाच्या क्रमांकमालिकेत राहून स्वतःचे परवाने देता येत नाहीत. कोणता आकडा कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार बर्नकडे ठेवून फाडुट्समध्ये नियामक बसवणं म्हणजे किल्ली शेजाऱ्याकडे आणि कुलूप आपल्याकडे.

जुन्या सौद्याच्या खुणा अजून सापडतात. हौशी रेडिओवाल्यांना लिश्टनस्टाइनहून बोलताना हाक द्यावी लागते ती एचबी-शून्य अशी. एचबी ही स्वित्झर्लंडची अक्षरं, शून्य एवढंच लिश्टनस्टाइनचं. पोलिसांसाठी ११७ आणि रुग्णवाहिकेसाठी १४४ हे क्रमांक दोन्ही काठांवर एकच आहेत. इंटरनेटवरची डॉट एलआय ही नावंही झ्युरिकमधली तीच संस्था सांभाळते जी स्वित्झर्लंडची डॉट सीएच सांभाळते. आणि शानच्या स्टेशनात थांबणारी गाडी अजून ऑस्ट्रियाचीच आहे.